किती घ्याल

संस्थेच्या ओसरीवर तिनं मले खुर्ची देल्ली.
म्या खुर्चीच्या बाजूले, खालीच बसली.
मंग थेही खाली बसली.
खुर्ची रिकामी, आन् आमी दोघी तिच्या पायापाशी.
गणवीर भाऊ हासले, पन बोलले काही नाही.

वही उघडून पुस्तकातल्या मराठीनं तिनं इचारलं,
"दुर्पताबाई, तुम्ही किती घ्याल?"
जे द्यान थे, म्हनलं म्या.
हे उत्तर तिच्या वहीत लिवता येत नव्हतं.
पेन धरून वाट पाहत रायली बापा,
वर पंखा करकर करे,
म्हशी पान्यावर जाऊन वापस आल्या असतीन तवरिक.
मनात दोन हजार होते,
तोंडात येता येता पंधराशे झाले.
तिनं तीन हजार लिवले.
इतवारची सुट्टी, हेही लिवलं.
खाली माही सई, दुर्पता आत्माराम कोवे,
तिसरी शिकलेली, वाकडी.

मास्तरीनबाई नळावर म्हने,
भाव नासवते हे गोरी.
हे जाईन आपल्या देशात,
आन् मंग पाचशेत भांडे कोन घासन आमचे?

काम तरी काय होतं.
दोन भाकरी, तुरीचं वरन,
अंबाडीची भाजी, बिनतिखटाची,
पानी उकयून, गायून, झाकून ठेवाचं.
आतले कपडे कधी धुवू देल्ले नाही तिनं.
ताटही आपलं आपनच घासे.
मले धाक पडे, सारं हेच करन
त मह्या तीन हजाराचं काय उरीन?
थे शाळेत पोट्ट्यायले शिकवाले गेली का
म्या घासलेलं ताट पुन्हा घासो.

गिलासभर पानी देल्लं का धन्यवाद.
भाकर वाढली का धन्यवाद.
एक दिवस मोजले, सदतीस झाले.
घरी आत्माराम जेवून उठे, धोतराले हात पुसे,
आन् म्या उगीच उभी राहो चुलीपाशी,
काही आयकू येते का म्हनून.

पयल्या इतवारी सवयीनं गेली
त दारातच हात जोडले तिनं, आज सुट्टी.
वापस आली. घर तसंच होतं,
रांजन रिकामा, शेन पडलेलं, बकऱ्या बोंबलत.
मह्या घरानं वही पाह्यलीच नव्हती.

म्हनून रेवता ठेवली.
सुमनची पोट्टी, सातवीतली,
हातानं चपळ, तोंडानं मुकी.
सकायी पानी, मंग शेन, मंग बकऱ्या.
हप्त्याले पन्नास, आन् मही जुनी चप्पल
टाचेकडं झिजलेली, पन चालून जाये.
आनंद वाटला मले, खोटं कायले बोलू.
बाजेवर बसून म्या तिले म्हनलं, तिकडचं झाड बाई,
आन् तो आवाज मास्तरीनबाईचा निंघाला मह्या तोंडातून.

पौषात एक दिवस, भाकर मोडता मोडता आनेके बोलली,
वर्गात एक मुलगी येत नाही, रेवता.
हुशार आहे. तुम्हाला घर माहीत आहे का?
म्या तव्यावरची भाकर पलटवली.
मंग पुन्हा पलटवली.
जयली थे, तरी पलटवत रायली.
माहीत हाय, म्हनलं.
धन्यवाद, म्हने.

सांजीले घरी आली.
पोट्टी गुंडी डोक्यावर घेऊन आंगनात शिरून रायली होती.
मले काहून वाटलं कोन जाने,
दिवा लावाच्या आधी म्या इचारलं,
रेवता, तू किती घेशीन?

तिनं गुंडी खाली ठेवली.
आधी गुंडीत पाह्यलं, मंग मांगं, वाटेवर,
मंग मह्याकडं, भेऊन.
"मावशी," म्हने,
"कुठं सांडलं का म्या?"